तुमच्यात कोण मेलं?

सोमवारी सकाळी आमच्या बेदाण्याच्या शेडवर बायका कामाला आल्या की रामराम नाही, चहापाण्याची चौकशी नाही, पहिला प्रश्न एकच असायचा, "काय गं, तुमच्यात कोण मेलं?"

परगावचा माणूस असता तर आल्या पावली पळाला असता. पण त्या वर्षी आमच्या गावात ही साधी विचारपूस होती. मेलं म्हणजे 'हवाबंद' मालिकेत. रविवारी दुपारी मटण-भाकरी उरकली की घरोघरी 'हवाबंद' लागायची, आणि प्रत्येक घरात ती वेगळी दिसायची. यान तेच, माणसं तीच, शनीकडं निघालेली. पण पवारांच्या घरात कप्तानाचं लग्न लागायचं आणि भिंतीपलीकडं कोळ्यांच्या घरात त्याच कप्तानाचं मुंडकं उडायचं. मग सोमवारी बेदाणा निवडता निवडता आम्ही ताडून बघायचो.

"आमच्यात कुठलं कोण मरतंय," शेवंता म्हणायची. "आम्ही दोघं म्हातारी. नुसती भजी तळत्यात त्या यानात."

हसून हसून पोट दुखायचं. कुणाच्या घरात काय चाललंय ते आता भिंतीला कान लावून ऐकायची गरजच राहिली नव्हती.

हे कसं व्हायचं ते माझ्या दिरानं, विश्वजितनं, समजावून सांगितलं. तो शिकलेला. त्या टीव्हीला सगळे नाडीचा टीव्ही म्हणायचे. त्यातून बारीक लहरी निघतात, रेडिओच्या असतात तशाच. त्या आपल्या छातीवर आपटून माघारी जातात. काळीज उडालं की छातीची कातडी केसभर हलते, आणि तेवढं हललेलं त्या लहरींना कळतं. खोलीत चार माणसं असली तर चौघांची नाडी आणि श्वास तो वेगवेगळा मोजतो. वर एक डोळा असतो, तो कोण कुठं बघतंय, कुणाचं बुबुळ फाकलं, कुणाच्या चेहऱ्याचा रंग कसा बदलला ते टिपतो. गोष्ट आधी चित्रित केलेली नसतेच. चेहरे, आवाज, मारामाऱ्या, सगळं यंत्र तिथल्या तिथं तयार करतं. ज्या जागी बघणाऱ्याची नाडी पळाली, ती जागा त्याला आवडली असं धरायचं आणि पुढच्या रविवारी गोष्ट त्याच अंगाला आणखी रेटायची.

"म्हणजे आपल्याला काय पायजे ते आपल्या आधी त्याला कळतंय," विश्वजित म्हणाला होता. हे वाक्य पुढं माझ्या मुळावर आलं.

घरात आम्ही चौघं. माझी सासू, तिला आम्ही आत्ती म्हणतो. विश्वजित. त्याची बायको ऋतिका. आणि मी, मोनाली, थोरली सून. तोंडाची फटकळ. एक सांगितलं तर दोन ऐकवणारी. माझ्या नादाला लागण्यापेक्षा गांधीलमाशीच्या पोळ्यात हात घातलेला बरा, असं गाव म्हणतं, आणि गावाचं फारसं चुकत नाही.

माझा नवरा संग्राम वारला तो आमच्याच शेडवर. बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. त्यासाठी शेडच्या टोकाला एक खोली असते. लोखंडी दार, फट राहू नये म्हणून कडेनं रबर, बाहेरून आडवा लोखंडी अडसर. गंधक पेटलेला असताना संग्राम एक विसरलेली पाटी काढायला आत गेला. गड्याला दार उघडं दिसलं. त्यानं सवयीनं ते लावलं, अडसर घातला आणि तो जेवायला गेला. पुढचं मी कुणाला सांगत नाही. दाराच्या आतल्या पत्र्यावर नखांचे ओरखडे आहेत, ते अजून आहेत.

टीव्ही बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, "मुख्य बोट कुणाचं?" घरातल्या एका माणसानं त्याच्यावर बोट टेकवायचं. मग निम्मी गोष्ट त्याच्या नाडीवर चालायची आणि उरलेल्या निम्म्यात बाकीचे सगळे. घरोघरी बाप्याचंच बोट होतं. विश्वजित पुढं झालासुद्धा.

"थांब," आत्ती म्हणाली. "मोनाचं लाव. थोरली हाय ती."

नारळही तिनं माझ्याच हातात दिला. टीव्हीला हळदकुंकू मलाच लावायला लावलं. नवरा गेल्यापासून कशाला पहिला हात लाव म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या तशी आत्ती त्यांच्यावर खेकसली, "बघता काय? माझ्या घरातला टीव्ही हाय." मी बोट टेकवलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. त्या टीव्हीनं माझी पहिली नाडी मोजली ती तसली.

'हवाबंद'मध्ये तारिणी म्हणून एक पोरगी होती. यानातली यंत्रं दुरुस्त करायची. सुरुवातीला ती सगळ्यांच्या घरात सारखीच दिसायची. पण आमच्या घरात एक सवय आहे, काही गमतीचं झालं की आम्ही आधी ऋतिकाकडं बघतो, कारण ती हसायला लागली की तिला आवरतच नाही. टीव्हीच्या डोळ्यानं ते टिपलं असणार. महिनाभरात तारिणी ऋतिकासारखी हसायला लागली. मग तिच्यासारखी मान वेळावायला लागली.

"अक्का, बघितलंस का? माझीच नक्कल करतीय भवानी," ऋतिका म्हणायची आणि माझ्या मांडीवरचे पाय उडवून हसायची. ती जमिनीवर उशी घेऊन आडवी व्हायची आणि पाय माझ्या मांडीवर टाकायची. लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून. जावेच्या मांडीवर पाय टाकणारी धाकटी जाऊ मी दुसरी बघितली नाही. तिला आई नव्हती, मला लेकरू नव्हतं, आमचं जमलं.

मग एका रविवारी तारिणी झडपखोलीत गेली. यानातून बाहेर पडायच्या आधी एक चिंचोळी खोली असते, दोन्हीकडं दारं. तिच्या पाठीमागचं दार खट्कन लागलं आणि ती आत अडकली. एवढंच. त्या भागात ती सुटलीही. पण दार लागल्याचा तो आवाज ऐकला आणि माझं काळीज घशात आलं. मी कुणाला काही बोलले नाही. टीव्हीला मात्र कळलं.

पुढच्या रविवारी ती सुटली नाही. झडपखोलीतली हवा निघून गेली, तिच्या डोळ्यांतल्या शिरा फुटल्या, आणि ती काचेवर हात आपटत मेली. यानात मेलेल्या माणसाचं शरीर पुन्हा ओतून काढायची सोय होती, त्यामुळं त्या मालिकेत एकच माणूस दर आठवड्याला मरू शकायचं. त्याच्या पुढच्या रविवारी ती ओतून आली, पुन्हा आत गेली, पुन्हा मेली. या वेळी दारात हात सापडून मनगट तुटलं. त्याच्या पुढच्या वेळी आत धूर भरला.

पहिल्यांदा आम्ही त्यावर तावातावानं बोललो. विश्वजित म्हणाला, कप्तानानंच दार लावलंय. ऋतिका म्हणाली, छे, ते आपोआप लागतंय. आत्ती म्हणाली, "कशाला जाती ती सटवी आत? आपलं काम नाही तिथं पाऊल टाकू नये." तिसऱ्यांदा ऋतिकानं माझ्या मांडीवरून पाय काढून घेतले नव्हते, पण ती हसलीही नाही. तिला तेव्हा पाचवा लागला होता.

सोमवारी शेडवर मी खरं ते सांगायची. आमच्यात तारिणी मेली. पुन्हा तारिणीच. पुन्हा तारिणीच. बायका आधी हळहळल्या. मग कुजबुजायला लागल्या. आणि एक दिवस शेवंतानं सगळ्यांच्या देखत तोंड उघडलं.

"ती तारिणी तुमच्या ऋतिकावाणी दिसती म्हणं. आणि मुख्य बोट तुझं. टीव्ही काय खोटं बोलतोय व्हय? नवरा गेला, लेकरू न्हाई, जावंचं पोट पुढं आलंय. बघवत न्हाई, तर सरळ सांग की बाई."

माझ्या हातात बेदाण्याची लोखंडी पाटी होती. ती मी तिच्या तोंडावर घातली. दातातून भळाभळा रक्त आलं. ती माझ्या झिंज्या धरून ओरडत होती आणि मी तिला बेदाण्याच्या ढिगात लोळवून बुक्क्या घालत होते. चौघी बायकांनी मिळून मला ओढून काढलं. शेवंताचा पुढचा एक दात बेदाण्यात सापडला.

"बघा," ती ओठ धरून म्हणाली, "बघा, टीव्ही खरंच बोलतोय."

घरी येऊन मी जाहीर केलं की आता मी बघायला बसत नाही. रविवारी मी मागच्या अंगणात भांडी घासत बसले. आत मालिका चालू होती. थोड्या वेळानं ऋतिका धावत आली, "अक्का, वाचली गं! दार उघडलं, बाहेर आली!" ती आनंदानं सांगत होती. तिच्या मागं विश्वजित उभा होता. त्यानं माझ्याकडं जे बघितलं, तसं माझ्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

मी नसताना तारिणी वाचली. आणखी कुठला पुरावा पाहिजे होता कुणाला?

मलाच तो पुरा पडला. मी भांडी तशीच टाकून बसले आणि स्वतःला विचारलं, मोने, खरं सांग, मनात आहे का तुझ्या? तिचा हेवा वाटत नाही तुला? वाटतो की. डोहाळजेवणाला तिला हिरवी साडी नेसवली तेव्हा काळजात कळ उठली होतीच. मग त्या कळीखाली आणखी काही असेल तर? यंत्राला दिसतं आणि मला दिसत नाही असं काही? माझी माझीच मला भीती वाटायला लागली. ऋतिकाच्या दुधाच्या पेल्याला हात लावायचं मी बंद केलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ऋतिकाचा भाऊ रणधीर तिला न्यायला आला. जेसीबीचा धंदा, अंगानं रेडा. आई गेल्यावर यानंच तिची वेणी घालून तिला शाळेत पाठवलेलं. बहिणीवर जीव असा की तिच्या पायात काटा मोडला तर हा बाभळ तोडून यायचा. गावात शिरल्या शिरल्या कुणीतरी त्याचे कान भरले होते. रविवारच होता. जेवून तो हात धुऊन आला आणि टीव्हीसमोर बसला.

"अक्का, बसा की," तो म्हणाला. "आज तुमच्यासंगं बघायचं ठरवून आलोय."

"मी नाही बघत आता."

"का? पोटात काही काळं नसंल तर बसायला काय होतंय?"

मी बसले. बसले नसते तरी मेले असते आणि बसले तरी मेलेच. ऋतिका मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं पाय माझ्या मांडीवर टाकले. रणधीर टीव्हीकडं बघतच नव्हता. तो माझ्याकडं बघत होता.

या वेळी तारिणी पोटुशी होती. यंत्राला आमच्या घरातलं सगळं दिसत होतं. ती पोट सावरत झडपखोलीच्या तोंडाशी आली. मी मनात रामरक्षा सुरू केली. मग भाकरीचं पीठ मळायला घेतलं, मनातच. पाणी घाल, मळ, पुन्हा घाल. पण काळीज काय आपल्या दावणीचं जनावर आहे? आवर म्हटलं तसं जास्तच उधळलं. ऋतिकाचे पाय माझ्या मांडीवर थडथडत होते, इतकी मी थरथरत होते.

दार लागलं. खट्.

तारिणी मागं वळली. तिनं दारावर नखं ओढली. पत्र्यावर नखं ओढल्याचा आवाज. मी कान झाकले. हवा सुटायला लागली. तिच्या नाकातून, कानातून रक्ताचे थेंब निघून तरंगायला लागले. दोन्ही हातांनी ती पोट धरून होती आणि ते पोट आतून फुगत चाललं होतं. टीव्हीनं तिचं तोंड जवळ आणलं, आणखी जवळ आणलं. ते तोंड तारिणीचं राहिलंच नव्हतं. हुबेहूब आमची ऋतिका. मग ते पोट फाटलं.

ऋतिकानं किंकाळी फोडली.

"झालं समाधान?" रणधीर उठला. त्यानं माझा अंबाडा धरला आणि मला जमिनीवरून फरफटत ओढलं. आत्ती त्याच्या हाताला लोंबकळली. त्यानं हात झटकला तशी ती पलंगाच्या पायावर डोकं आपटून पडली. "रणधीर, सोड तिला," विश्वजित म्हणाला. म्हणाला, पण जागचा हलला नाही. ते मी बघितलं.

अंगण, मग शेड. रविवारचं शेडवर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या धुरीसाठी गंधक भरलेली पाटी खोलीत मांडून ठेवलेलीच होती. रणधीरनं मला आत फेकलं. माझा खांदा भिंतीवर आपटला आणि हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. त्यानं काडी ओढून पाटीत टाकली.

"तिला कोंडून मारायला बघतीस व्हय? बस आता. बघ कसं वाटतंय."

लोखंडी दार लागलं. बाहेरून अडसर पडला.

गंधकाची ज्योत निळी असते, दिसायला देवाच्या समईवाणी. पण तो धूर छातीत गेला की आत कुणी निखारे ओतल्यासारखं होतं. डोळे उघडता येईनात. मी दाराकडं सरपटत गेले आणि धड राहिलेल्या हाताच्या बोटांना पत्र्यावरचे ओरखडे लागले. संग्रामचे. माझी नखं त्याच खाचांत बसत होती. दाराच्या कडेच्या रबराशी तोंड लावून मी पडले आणि बाहेरचं ऐकत राहिले.

"दादा, दार उघड."

"पाच मिनिटं बसू दे तिला. अद्दल घडू दे."

"दादा, भावजी त्यातच गेलेत. पाच मिनिटं म्हणजे काय कळतंय का तुला? उघड!"

"तू गप. तुझा जीव घेणार होती ती!"

त्याला नुसतं घाबरवायचं होतं, असं पुढं सगळे म्हणाले. असेलही तसं. आत बसलेल्या माणसाला ते कुठून कळावं?

अडसर सरकल्याचा आवाज आला. मग झटापट, ऋतिकाचं ओरडणं, आणि धप्प असं काहीतरी. दार उघडलं आणि मी बाहेर उलटी करत कोसळले. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. त्यातून मला दिसलं ते असं. रणधीर उताणा पडला होता. कपाळ फुटलं होतं, पण हात हलत होता, उठायला बघत होता. ऋतिका त्याच्यावर उभी होती. सात महिन्यांचं पोट पुढं, हातात लोखंडी अडसर. तिनं तो दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि त्याच्या तोंडावर घातला. पुन्हा उचलला, पुन्हा घातला. तो हलायचा थांबला होता तरी ती मारत होती. "माझी अक्का हाय ती! माझी अक्का हाय!" प्रत्येक घावाला एवढंच. मला आवाज फुटेना. मी सरपटत जाऊन तिच्या पायांना मिठी मारली, तेव्हा ती थांबली.

वेणी घालणाऱ्या भावाचं तोंड ओळखू येत नव्हतं. ऋतिका त्याच्याकडं बघत म्हणाली, "दादा, ऊठ की रे."

एक घाव बचावाचा असतो. पडलेल्या माणसावर घातलेले पुढचे घाव कशात मोजतात, ते मला शाळा न शिकताही माहीत होतं. जेलात बाळंत होणाऱ्या बायकांच्या बातम्या मीही बघितल्या होत्या. मी तिच्या हातातून अडसर घेतला. रणधीरच्या डोक्याखाली साचलेल्या रक्तात माझे हात बुडवले, अंगाला फासले. शेडच्या दारात विश्वजित उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं.

"मी मारलं," मी म्हटलं. घशातून नुसती हवा निघत होती. "ऐकलंस? मी. तिचे हात धू, साडी जाळ आणि आत ने तिला."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं काही केलं.

ऋतिकानं दोनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मी तिला पोटातल्या पोराची शपथ घातली. आणि पोलिसांना पटवायला मला काही कष्टच पडले नाहीत. टीव्हीनं आधीच साक्ष दिलेली. दर रविवारी जावेला मनात मारत होती, भावानं पकडलं, तर त्यालाच संपवलं. शेवंतानं पडलेला दात दाखवला. साऱ्या गावाला पटलं. मला गाडीत घालून नेताना शेडसमोर बायका जमल्या होत्या. सोमवार होता. एक म्हातारी परगावाहून तशीच कामावर आली होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं गाडीच्या जाळीतून मला बघितलं आणि सवयीनं हसून विचारलं, "मोना, तुमच्यात कोण मेलं गं?"

"ऋतिकाचा दादा," मी म्हटलं. ती हसत हसतच थांबली.

जेलात दिवस जातात. कामाला जुंपतात, जेवायला मिळतं, जिना चढले की छाती शिट्टी वाजवते. ऋतिकाला मुलगी झाली, डोक्याची खोक भरून आलेली आत्ती तिला न्हाऊमाखू घालते. जाळीच्या पलीकडं ती तिला धरून बसते आणि आम्ही दोघी त्या पोरीबद्दलच बोलतो, दुसरं काही बोलायचं नाही असं ठरलंय. परवा पोरीनं जाळीला तोंड लावून मला चावायचा प्रयत्न केला. दात आलेत.

मग एके दिवशी मुजावर मॅडम आल्या. सरकारनं दिलेल्या नव्या वकील, तरुण, बोलायला गोड. येतानाच चेहरा उजळलेला.

"मोनालीताई, तुम्ही सुटणार," त्या म्हणाल्या. "आता नवं निघालंय. हौसेनं पळणारी नाडी आणि भीतीनं पळणारी नाडी वेगळी ओळखता येते. तेव्हाच्या यंत्राला फक्त वेग कळायचा. पण भीती वाटली की श्वास छातीत अडकतो, चेहऱ्याचं रक्त आटतं. तुमच्या टीव्हीनं ते सगळं टिपून ठेवलं होतं, त्याला त्याचा अर्थ लागत नव्हता एवढंच. शास्त्रज्ञांनी ते पुन्हा तपासलंय. तारिणी मरताना तुम्हाला मजा वाटत नव्हती. तुम्ही दर रविवारी भीतीनं अर्धमेल्या होत होता."

मी जाळीला धरून हमसून हमसून रडले. इतके दिवस रात्री डोळे मिटले की मी स्वतःला तोच प्रश्न विचारत होते, आणि आज उत्तर मिळालं होतं. मी तशी नव्हते. माझ्या मनात काही काळं नव्हतं. ओरडून सांगावंसं वाटलं साऱ्या गावाला, शेवंताला आधी.

मॅडमनी मला रडू दिलं. मग हळूच म्हणाल्या, "तुम्हाला तिला मारायचंच नव्हतं, तर रणधीरला मारायचं कारणच उरत नाही. आणि आणखी एक. तुमची फुप्फुसं गंधकानं जळली आहेत, खांदा मोडला होता. तुम्ही त्या खोलीत होता. दाराचा अडसर बाहेरून होता. मग ताई, बाहेर अडसर कुणाच्या हातात होता?"

माझे डोळे तिथल्या तिथं कोरडे झाले.

"आधी त्याला मारलं," मी म्हटलं. "मग जीव द्यायला आपली आपणच आत गेले. खांदा झटापटीत मोडला."

"आणि भीती?"

"मी सांगते ना. मला ऋतिका डोळ्यासमोर नको होती. तुमच्या शास्त्रज्ञांना काय कळतंय बाईच्या मनातलं? त्या टीव्हीनं बरोबर ओळखलं होतं."

 मग त्यांनी पिशवीतून एक पट्टा काढला. मनगटाला बांधायचा, नव्या पद्धतीचा. कोर्टात हल्ली हाच बांधतात म्हणाल्या. श्वास, रक्त, घाम, सगळं बघतो. खोटं बोलणाऱ्या माणसाला पकडलं जायची भीती असते आणि ती भीती लपत नाही. "तुमची हरकत नसेल तर आज बांधून बघू. तुमच्या भल्यासाठीच."

मी जाळीखालून हात पुढं केला. नाही म्हटलं असतं तर तेच उत्तर झालं असतं. पट्टा गार होता. पुन्हा एक यंत्र, पुन्हा माझीच नाडी, आणि हेच काळीज, जे त्या दुपारी रामरक्षेला बधलं नव्हतं.

"ऋतिकाचा जीव जावा असं तुम्हाला वाटत होतं का?"

मी डोळे मिटले. या वेळी देवाचं नाव घेतलं नाही, पीठही मळलं नाही. फक्त रविवारची दुपार आणली समोर, तारिणी झडपखोलीत जायच्या आधीची. पोट भरलेलं, पंखा चालू, आणि माझ्या मांडीवर ऋतिकाचे दोन पाय, हसताना उडणारे. जाळीला चावणारे ते चार दात आणले. भ्यायचं कशाला? ज्याची भीती होती ते सगळं होऊन गेलं होतं, आणि जे राखायचं होतं ते घरी सुखरूप होतं.

"होय," मी म्हटलं. "वाटत होतं."

"रणधीरला तुम्हीच मारलंत?"

"मीच मारलं."

मॅडम पट्ट्याकडं बघत राहिल्या. त्यांनी तो एकदा हलवून बघितला, पुन्हा नीट बसवला, तेच दोन प्रश्न पुन्हा विचारले. मी तीच दोन उत्तरं दिली. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"नाडी अगदी शांत आहे," त्या म्हणाल्या. "भीतीचा मागमूस नाही."

त्यांनी पट्टा सोडला आणि उठता उठता, जरा रागानंच, म्हणाल्या, "म्हणजे टीव्हीच खरा होता."

"होय बाई," मी म्हटलं. "तसंच लिहा."